पुढे पाठवलेलं हसू

मराठी माणसाच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेलं एक चित्र आहे. ‘अशी ही बनवाबनवी’तले धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, आणि त्यांचे घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी. मधुमेहावरच्या औषधासाठी मालकांनी भाडेकरूच्या हाती सत्तर रुपये दिलेले असतात आणि ते सत्तर रुपये आता ‘वारले’ आहेत. मूळ प्रसंग एवढाच. पुढे लोकांनी त्या सत्तर रुपयांच्या जागी काय काय घातलं याला गणती नाही. शेअर बाजारात गेलेले पैसे, भिशीत बुडालेले हप्ते, मित्राला दिलेली उधारी, दिवाळीचा बोनस.

मला ते पाठवलं माझ्या कॉट बेसिसच्या दिवसांतल्या रूम पार्टनरनं. सदाशिव पेठेतली खोली आम्ही नुकतीच सोडली होती. रंगकामाचे इतके, नळदुरुस्तीचे इतके, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांचे इतके, असं करत करत मालकांनी डिपॉझिटचा हिशेब शून्यावर आणून ठेवला. करार अकरा महिन्यांचा, त्याची आमची प्रतही आमच्याकडे नव्हती. भांडणार कशाच्या जोरावर? संध्याकाळी चित्र आलं. खाली दोनच शब्द होते, ‘डिपॉझिट वारलं’. तो एका नव्या खोलीत, मी दुसऱ्या. दोघंही पोट धरून हसलो. पैसे गेले ते गेलेच, पण दारातून मान खाली घालून निघाल्याची बोच त्या हसण्यानं बरीच उतरली.

नंतर ते चित्र पुन्हा पाहताना एक गोष्ट लक्षात आली. सिनेमात पैसे मालकाचे जातात आणि ते गेल्याची खबर भाडेकरू देतो. आमच्या चित्रात पैसे भाडेकरूचे गेले होते, तरी वाक्य भाडेकरूच्याच तोंडी राहिलं होतं. प्रत्यक्षात हरलेल्या माणसानं पडद्यावर बाजी मारलेल्या माणसाचा संवाद उचलला होता. दोन शब्दांत आमच्या मित्रानं केवढी मोठी उलथापालथ केली होती! तेव्हापासून मी मीम नुसतं बघत नाही, वाचतो. वाचण्यासाठी जी साधनं लागतात ती समीक्षकांनी आणि संस्कृतीच्या अभ्यासकांनी गेल्या शंभर वर्षांत घडवून ठेवली आहेत. ती फक्त कादंबऱ्या आणि चित्रांच्या प्रदर्शनांसाठी राखून ठेवायची, आणि लाखो लोक रोज ज्या गोष्टीवर हसतात तिला ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारायचं, हे मला पटत नाही.

मीमची कल्पना इंटरनेटच्या आधीची. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात ती मांडली. जनुकं जशी स्वतःच्या प्रती काढत पिढ्यान् पिढ्या पुढे जातात, तशा सुरावटी, समजुती, फॅशन एका मनातून दुसऱ्या मनात नक्कल होत पसरतात, असं त्यांचं म्हणणं. कल्पना चटकदार आहे, पण तिच्यात माणूस नुसता वाहक उरतो. माझ्या मित्राचं काय? त्यानं चित्र निवडलं, शब्द बदलले, ते कोणाला पाठवायचं हे ठरवलं. इस्रायली अभ्यासक लिमोर शिफमन यांनी ‘मीम्स इन डिजिटल कल्चर’ या पुस्तकात नेमकं इथेच बोट ठेवलं आहे. एकटं चित्र म्हणजे मीम नव्हे. एकमेकांची जाण ठेवून केलेल्या, एकमेकांना उत्तरं देणाऱ्या चित्रांचा तो गोतावळा असतो, आणि तो वाढवणारी माणसं काय करतायत हे जाणून करतात. आशय आणि घाट यांच्या जोडीला त्या तिसरी एक बाब तपासायला सांगतात. ती म्हणजे भूमिका. बोलणारा कुठे उभा राहून बोलतो आहे? मला या प्रश्नाइतका उपयोगी दुसरा प्रश्न सापडलेला नाही.

आता चित्राचं अंग पाहू. ‘बनवाबनवी’ची जी चौकट फिरते ती बहुधा धूसर असते. रंग उडालेले, कडा फाटल्यासारख्या, कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचा अर्धा कापलेला लोगो, त्यावर एखाद्या पेजचं नाव, त्या नावावर दुसऱ्या पेजचं नाव. अक्षरं कधी चौकटीबाहेर जातात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. जर्मन चित्रपटकार आणि लेखिका हितो श्टायर्ल यांनी २००९ साली अशा प्रतिमांची बाजू घेणारा एक निबंध लिहिला. प्रतिमांच्या जगातही उतरंड आहे, असं त्या सांगतात. वर चित्रपटगृहातली, संग्रहालयातली लख्ख प्रतिमा. तळाशी कापलेली, दाबून लहान केलेली, पुन्हा पुन्हा नकललेली गरीब प्रतिमा. पण हीच गरीब प्रतिमा हातोहात फिरते, ज्याला तिकीट परवडत नाही त्याच्यापर्यंत पोचते. हे वाचल्यावर मला त्या धूसरपणाचा त्रास होईनासा झाला. तो प्रवासाचा पुरावा आहे. कोणीतरी टीव्हीवरून उचललं, कोणीतरी कापलं, कोणीतरी पुन्हा साठवलं, आणि एवढं करूनही ते कोणाला टाकवलं नाही.

वॉल्टर बेन्यामिन १९३० च्या दशकात म्हणाले होते की यंत्रानं काढलेल्या प्रतींमुळे मूळ कलाकृतीभोवतीचं तेजोवलय विरतं. ‘बनवाबनवी’पाशी हा विचार वेगळं वळण घेतो, कारण तिचं मूळच एका जागी सापडत नाही. १९८८ चा हा मराठी चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला, आणि त्याच्याही मागे १९५५ चा एक बंगाली चित्रपट आहे. खोली मिळत नाही म्हणून पुरुषांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही गोष्ट घर मिळणं अवघड असलेल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात आली. पुण्यात ती रुजली आणि अशी रुजली की ती इथलीच वाटावी. रुजवणारा हात होता संवादलेखक वसंत सबनीसांचा.

सबनीसांचं नाव मला फार मोलाचं वाटतं. दादा कोंडक्यांनी गाजवलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचंच, १९६५ चं. वगाची चौकट ठरलेली असते, पण सोंगाड्याची बतावणी प्रयोगागणिक बदलते. त्या गावचा सरपंच, त्या वर्षीचा दुष्काळ, सकाळच्या पेपरातली बातमी, सगळं त्यात येऊन बसतं. प्रेक्षकाला चौकट पाठ असते, म्हणूनच त्यात आज काय नवं घातलं याकडे तो कान टवकारून असतो. गणगौळणीतली मावशी म्हणजे पदर सावरणारा पुरुष; ‘बनवाबनवी’तला परशा साडी नेसून होतो ती पार्वतीही तिच्याच घरातली. तेव्हा ‘बनवाबनवी’चे संवाद पंचवीस-तीस वर्षांनी मोबाइलवर सुटे होऊन नाचू लागले, यात मला नवल वाटत नाही. ज्या परंपरेत ते घडले तिच्यात वाक्य मुळातच उचलून दुसरीकडे लावण्यासाठी असतं. मीम ही परदेशातून आलेली चाल आहे असं आपण समजतो. तंत्र तिकडचं, पण आपल्या हाताला त्याचं वळण आधीपासून होतं.

योगायोगानं त्याच १९६५ साली मिखाईल बाख्तिन यांचं राब्लेवरचं पुस्तक रशियात प्रसिद्ध झालं. मध्ययुगीन युरोपातल्या कार्निव्हलबद्दल त्यांनी लिहिलं की त्या काही दिवसांत वरचा-खालचा हा भेद गळून पडतो, सोवळी भाषा उतरते, देहाचं, पोटाचं, शिव्यांचं राज्य येतं, आणि सत्तेला हसून दाखवण्याची मोकळीक मिळते. शिमग्याला बोंब मारलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘डिपॉझिट वारलं’ ही तशी बोंबच होती. पण शिमगा संपला की पाटील पुन्हा पाटील होतो, हेही त्याला ठाऊक असतं. आमचं डिपॉझिट हसण्यानं परत आलं नाही. मीममुळे मन हलकं होतं, करार बदलत नाही. आणि मन हलकं झालं की करार बदलण्याची निकड कधीकधी कमी होते. ही शंका मी मनातून पुसून टाकू शकलेलो नाही.

त्याहून टोचणारी शंका दुसरी आहे. फ्रेंच समीक्षक पिएर माशरे कलाकृती काय बोलत नाही ते ऐकायला शिकवतात. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ या प्रश्नावर अख्खा महाराष्ट्र हसतो, आणि का हसू नये? पत्ता नसलेल्या माणसाची सगळी धडपड त्या साध्या चौकशीत आहे. पण शहरात खोली शोधताना खरा पहिला प्रश्न निराळाच असतो, ‘आडनाव काय?’ लग्न झालेलं नाही ही अडचण साडी नेसून, खोटं बोलून चार पात्रांना निभावता आली. आडनावापाशी, धर्मापाशी, ताटात काय असतं यापाशी ज्याच्यासाठी दार बंद होतं त्यानं कुठलं सोंग घ्यावं? एकट्या मुलीला ‘घरी कोण येणार-जाणार’ असं विचारलं जातं, तिनं कोणता वेश करावा? चित्रपट याविषयी गप्प आहे आणि त्याच्यावरची मीमंही बहुतेक गप्प आहेत. ते मौन चित्रपटाचा आनंद कमी करत नाही. पण घराचा प्रश्न आपल्याला कुणाच्या तोंडून ऐकायला आवडतो, ते त्यातून कळतं.

आणि पार्वती? पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे साडीत येतात तेव्हा गंमत त्या माणसाच्या तारांबळीची असते. कॉलेजच्या ग्रुपवर हीच पार्वती एखाद्या मऊ आवाजाच्या, नाजूक चालीच्या मुलाच्या फोटोशेजारी चिकटवली जाते, तेव्हा गंमत त्या मुलाच्या जिवाची होते. चौकट तीच, चेहरा तोच, एका बाजूला मालकावर हसणं आणि दुसऱ्या बाजूला वर्गातल्या सर्वांत एकट्या मुलावर हसणं. म्हणून शिफमन यांचा भूमिकेचा प्रश्न मी हातचा सोडत नाही. चित्रात काय आहे याला कोण, कोणाला, कोणावर हसण्यासाठी पाठवतं आहे हे जोडलं की मगच वाचन पुरं होतं.

बघणाराही एका ठिकाणी उभा असतो. जमैकात जन्मलेले ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली टेलिव्हिजनबद्दल मांडलं की संदेश बनवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण पाहणारा तो जसाच्या तसा घेईलच असं नाही. तो मान्य करील, तडजोड करून घेईल किंवा उलटाही वाचील. मला यावरून ‘हेरा फेरी’तले बाबूराव गणपतराव आपटे आठवतात. प्रियदर्शन यांचा २००० चा हा हिंदी चित्रपट म्हणजे ‘रामजी राव स्पीकिंग’ या १९८९ च्या मल्याळम चित्रपटाचा रिमेक. तिथल्या म्हाताऱ्याच्या जागी हिंदीत जाड भिंगांचा चष्मा लावणारा, मराठी वळणाची हिंदी बोलणारा, कर्जात बुडालेला गॅरेजवाला आपटे उभा राहिला. ती भूमिका केली परेश रावल यांनी, आणि अशी केली की भारतातल्या मीमच्या दुनियेत बाबूरावांच्या तोडीचे चेहरे मोजकेच. दिल्लीत ते मीम बघणाऱ्याला ‘मराठी’ म्हणजे हा लहरी, भोळसट, चिडका म्हातारा, असं एक तयार चित्र मिळतं. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्याच चेहऱ्यात आपला एखादा काका दिसतो. भाडेकरूंवर खेकसणारा, पण त्यांना उपाशी न झोपवणारा. मी स्वतः तडजोड करून बघतो. बाबूरावांवर मी मनापासून प्रेम करतो आणि मराठी माणसाच्या वाट्याला हिंदी पडद्यावर इतकी वर्षं कोणत्या भूमिका येत राहिल्या, हेही त्याच वेळी मनात येत राहतं. दोन्ही खरं आहे, आणि एकासाठी दुसरं सोडावं असं मला वाटत नाही.

अर्थ पाहणाऱ्याच्या हाती गेला की करणाऱ्याचं काय होतं? रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर साहित्य होतं. मीमच्या जगात ती घोषणा एका जिवंत माणसावर कशी कोसळते ते अमेरिकन चित्रकार मॅट फ्युरी यांच्याकडे पाहून कळतं. त्यांनी २००५ साली ‘बॉइज क्लब’ या कॉमिकमध्ये पेपे नावाचा एक सुस्त, निरुपद्रवी बेडूक काढला. इंटरनेटवरच्या चर्चापीठांनी तो उचलला, आणि काही वर्षांत वंशद्वेष्ट्यांनी त्याला आपलं चिन्ह केलं. २०१६ साली अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेनं त्याची द्वेषचिन्हांच्या यादीत नोंद घेतली. फ्युरींनी पुढच्या वर्षी एका कॉमिकमध्ये पेपेला शवपेटीत झोपवलं. पण तो त्यांच्या ऐकण्यातला राहिला नव्हता. २०१९ साली हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी तोच बेडूक भिंतींवर, फलकांवर रंगवला, आणि तिथे तो धीराचं चिन्ह झाला. एकाच हिरव्या चेहऱ्यानं द्वेषही पोचवला आणि उमेदही. बार्थ यांचं निदान बरोबर होतं. त्यांच्या पुढची एक पायरी मला महत्त्वाची वाटते. लेखक बाजूला झाला म्हणून जबाबदारी नाहीशी होत नाही, ती पुढे पाठवणाऱ्यांत वाटली जाते.

मीमला क्षुल्लक समजणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सत्ता त्याला क्षुल्लक समजत नाही. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी एप्रिल २०१२ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जींवरचं एक चित्र ईमेलनं पुढे पाठवलं. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’तले संवाद त्यात राजकीय नेत्यांच्या फोटोंना जोडले होते. म्हणजे बंगाली माणसाला पाठ असलेल्या चित्रपटाचं, आपल्या ‘बनवाबनवी’सारखंच, मीम. त्यासाठी त्यांना अटक झाली. त्या प्रकरणातून त्यांची सुटका व्हायला २०२३ उजाडलं. त्याच २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं ती लिहिली होती, दुसरीनं फक्त पसंतीची खूण केली होती. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. बाख्तिनच्या कार्निव्हलला निदान तारखा ठरलेल्या होत्या. आपल्याकडे हसण्याची मुभा कुठे संपते हे अनेकदा दारात पोलीस आल्यावरच कळतं.

हसणं सत्तेवर नसून एखाद्या एकट्या माणसावर असेल, तर दाद मागणंही सोपं नसतं. कॅनडातल्या एका शाळकरी मुलानं एकट्यानंच खेळत, काठी तलवारीसारखी फिरवत स्वतःचं चित्रण केलं होतं. २००३ साली सहाध्यायांनी ते इंटरनेटवर टाकलं आणि जग त्याला हसलं. त्या मुलाला शाळा सोडावी लागली, कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याच्यावर हसलेल्यांपैकी कोणाच्याही मनात त्याचं वाईट करायचं नसेल. प्रत्येकानं एकदाच पुढे पाठवलं असेल. पण एका पोराच्या वाट्याला ती सगळी बेरीज आली.

म्हणून मला वाटतं, मीम कसं वाचावं हे मराठीच्या वर्गात शिकवायला हवं, आणि ती जपूनही ठेवायला हवीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१७ साली इंटरनेटवरच्या लोकसंस्कृतीचा संग्रह खुला केला, तो लोकजीवनाच्या अभ्यासाचा भाग म्हणून. आपल्याकडे याहून जुना आणि थोर दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांना कवी नव्हता. ठरलेल्या चौकटीत प्रत्येक बाईनं आपला भाऊ, आपली सासू, आपलं दुःख घातलं होतं. पण गोळा करणाऱ्यांनी ‘लोकगीत’ एवढं लिहून काम आटोपलं नाही. ओवी कोणी गायली, कोणत्या गावात, हे तिच्यासोबत नोंदवलं. त्यामुळे आज ती ओवी वाचताना समोर बाई दिसते.

मराठी मीमचा संग्रह करायचा तर याच शिस्तीनं करावा. चित्रासोबत प्रसंग लिहावा, ते कोणत्या गटात फिरलं ते लिहावं, कोण कोणावर हसत होतं ते लिहावं, आणि ज्याच्या चेहऱ्यावर त्याच्या मर्जीविरुद्ध हसलं गेलं त्याला त्यातून मोकळं करावं. हे विद्यापीठांचं काम आहे, पण त्याची सुरुवात करायला विद्यापीठ लागत नाही. चित्र पुढे पाठवताना ‘हे कोणावर आहे?’ एवढा एक प्रश्न विचारणारा प्रत्येक जण त्या अभ्यासाचा भाग आहे. मालकावर असेल, मंत्र्यावर असेल, आपल्या सगळ्यांच्या फजितीवर असेल, तर जरूर पाठवावं. जो उत्तर द्यायला त्या गटात नाहीच अशा कोणावर असेल, तर ते आपल्यापाशी थांबवावं.